चिंताविकाराच्या गोळ्यांचा खर्च: विमा कुठपर्यंत पुरतो आणि उरलेला खर्च कसा कमी करावा

सांगली जिल्ह्यात एका खासगी कारखान्यात नोकरी करणाऱ्या गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पत्नीला दीड वर्षापासून चिंताविकार आहे आणि मधूनमधून तीव्र घबराटीचे झटके येतात. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम यांची जोडगोळी (दोन्ही औषधे एकाच गोळीत), धडधडीसाठी प्रोप्रानोलॉल आणि शिवाय जीवनसत्त्वांच्या दोन गोळ्या रोज चालू आहेत. कंपनीचा पाच लाखांचा गट आरोग्य विमा आहे. परंतु गोळ्यांची बिले परत आली आणि छातीत दुखते म्हणून एक रात्र रुग्णालयात ठेवावे लागले त्याचा दावाही फेटाळला गेला. कायद्याने मानसिक आजाराला विमा आहे असे ऐकले होते, मग पैसे का मिळत नाहीत, स्वतःची वेगळी पॉलिसी घेताना हा आजार लिहावा की लपवावा, आणि खर्च झेपत नसल्याने गोळ्या एक दिवसाआड दिल्या तर चालतील का, असे त्यांचे प्रश्न आहेत. मनोविकारतज्ज्ञ म्हणून माझ्या बाह्यरुग्ण विभागात हे प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतात, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो थांबू शकत नाही. गोळ्या एक दिवसाआड देऊ नका. एस्सिटॅलोप्रामसारखे औषध रक्तात ठरावीक पातळीवर टिकून राहिले तरच काम करते. त्यात खंड पडला की चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होतात, आणि घरच्यांना वाटते की आजारच उलटला. क्लोनाझेपाम बरेच महिने घेतल्यावर अचानक बंद केले तर त्याहून गंभीर प्रकार होऊ शकतो, अगदी फिट येण्यापर्यंत. पैशांची अडचण असेल तर ती डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. बहुतेक रुग्ण हे सांगायला संकोचतात, आम्हीही विचारत नाही, आणि मग तीन महिन्यांनी रुग्ण पूर्वीपेक्षा वाईट अवस्थेत परत येतो. चिंताविकारात बरे वाटू लागल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर औषध चालू ठेवावे लागते आणि मग ते हळूहळू कमी करून थांबवायचे असते. म्हणजे पुढच्या किमान वर्षाचा खर्च कसा भागेल याचा विचार आजच करायला हवा.

आता विम्याकडे येतो. आपण ऐकले ते खरे आहे, पण अपुरे आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ च्या चौथ्या पोटकलमात असे म्हटले आहे की शारीरिक आजारांच्या उपचारांसाठी ज्या आधारावर वैद्यकीय विमा दिला जातो, त्याच आधारावर प्रत्येक विमा कंपनीने मानसिक आजारांच्या उपचारांसाठीही तो दिला पाहिजे. त्यानंतर विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, ऑगस्ट २०१८ मध्ये कंपन्यांना या तरतुदीचे पालन करायला सांगितले. सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत मानसिक आजार, ताणतणाव आणि मानसशास्त्रीय विकार यांचे उपचार पॉलिसीतून सरसकट वगळता येणार नाहीत असे स्पष्ट केले. आणि तरीही काही पॉलिसींत जुनी कलमे राहिल्याने ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्व पॉलिसींत मानसिक आजारांचा समावेश त्याच महिन्याच्या अखेरपर्यंत करण्याचा आदेश दिला. मधल्या काळात, एप्रिल २०२१ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला की कायदा लागू झाल्या दिवसापासूनच कंपन्यांवर हे बंधन आहे, आणि पॉलिसीत जुने वगळणीचे कलम छापलेले आहे एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही. हा न्याय मिळायला रुग्णांना फार झगडावे लागले आहे, म्हणून त्याचे मोल मी कमी लेखत नाही.

परंतु ‘त्याच आधारावर’ या शब्दांतच आपल्या अडचणीचे मूळ आहे. आपल्याकडील बहुसंख्य आरोग्य पॉलिसी मुळात रुग्णालयात दाखल झाल्यावर खर्च देणाऱ्या असतात, आणि दाखल राहण्याचा काळ सर्वसाधारणपणे २४ तास असावा लागतो. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्यांचे पैसे अशी पॉलिसी देत नाही, म्हणून चिंताविकाराच्या रोजच्या गोळ्यांचेही देत नाही. तत्त्वतः ही समानताच झाली. पण हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजाराचा मोठा खर्च रुग्णालयात होतो, तर चिंताविकाराचा जवळजवळ सगळा खर्च रुग्णालयाबाहेर होतो: दर महिन्याची तपासणी फी, गोळ्या आणि समुपदेशनाची सत्रे. चिंताविकारासाठी दाखल करण्याची वेळ क्वचितच येते आणि येऊही नये. त्यामुळे कायद्याने दिलेली समानता स्किझोफ्रेनिया, तीव्र नैराश्य किंवा उन्मादाच्या रुग्णाला प्रत्यक्ष उपयोगी पडते, आणि ज्यांची संख्या कितीतरी मोठी आहे त्या चिंताविकाराच्या रुग्णांना ती बव्हंशी कागदावरच राहते. बाह्यरुग्ण उपचारांचा खर्च पॉलिसीत अनिवार्य होत नाही तोवर हे असेच चालणार, असे माझे मत आहे. तेव्हा आपली गोळ्यांची बिले परत आली यात विमा कंपनीने कायदा मोडला असे बहुधा नाही. फक्त एक गोष्ट तपासा: काही कंपन्यांच्या गट विम्यात बाह्यरुग्ण खर्चासाठी वर्षाला ठरावीक रक्कम ठेवलेली असते किंवा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी मोफत समुपदेशनाची सोय असते, आणि कामगारांना त्याचा पत्ताच नसतो. मनुष्यबळ विभागाकडे पॉलिसीची पूर्ण प्रत मागा. चार ओळींच्या माहितीपत्रकावर विसंबू नका.

एका रात्रीच्या दाव्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे मला आपली बाजू तितकी कमकुवत वाटत नाही. घबराटीच्या झटक्यात छातीत दुखते, श्वास अडकतो, हाताला मुंग्या येतात, आता आपण मरणार अशी खात्री वाटते. हा हृदयविकाराचा झटका नाही हे घरी बसून कोणीही सांगू शकत नाही; म्हणून अशा वेळी रुग्णालयात नेलेत ते अगदी योग्य केलेत, आणि पुन्हा नवीन स्वरूपाचा त्रास झाला तर दाव्याच्या भीतीने घरी थांबू नका. रुग्णालयात ईसीजी होतो, ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाली का हे दाखवणारी रक्ताची) तपासणी काही तासांच्या अंतराने दोनदा होते, कधी इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, सगळे सामान्य येते, आणि डिस्चार्ज कार्डावर कोणीतरी ‘घबराट, निरीक्षणासाठी दाखल’ असे लिहून देते. दावा इथेच अडकतो. इर्डाने प्रमाणित केलेल्या वगळण्यांमध्ये चौथ्या क्रमांकाचे कलम असे आहे की मुख्यतः तपासण्या आणि निदानासाठी दाखल झाल्यास खर्च मिळणार नाही. ‘निरीक्षणासाठी’ या शब्दावर बोट ठेवून टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे तपासणारी संस्था, तेच कलम लावते.

आधी दावा नाकारल्याचे पत्र काढून पाहा. कोणत्या कलमाखाली नाकारला हे त्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. २०२४ पासूनच्या नियमांनुसार विमा कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय दावा फेटाळता येत नाही आणि पॉलिसीतील नेमक्या अटीचा उल्लेख करावा लागतो. जर तिथे ‘मानसिक आजार वगळलेला’ असे कारण दिले असेल, तर ते टिकणारे नाही. कलम २१ चा आणि २०२२ च्या आदेशाचा उल्लेख करून तक्रार करा. कारण ‘केवळ तपासणीसाठी दाखल’ असे असेल, तर दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांकडून एक पत्र घ्या. येताना नाडी, रक्तदाब आणि श्वासाची गती किती होती, हृदयविकाराची शंका का आली, ती दूर होईपर्यंत घरी पाठवणे सुरक्षित का नव्हते आणि रात्री शिरेतून किंवा तोंडाने कोणती औषधे दिली, हे त्यात असावे. उपचार दिले गेले असतील तर ती भरती केवळ तपासणीची राहत नाही. पत्रात जे घडले तेच लिहिलेले असावे. नंतर कागद फिरवून निदान बदलून घेण्याच्या फंदात पडू नका, त्याने उरलेला विश्वासही जातो.

विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा आणि पोच ठेवा. उत्तर समाधानकारक नसेल किंवा महिनाभरात आलेच नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या प्रकरणांत निवाडा देता येतो. अर्ज मात्र कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. पुण्यात लोकपालाचे कार्यालय आहे. इर्डाच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका, असा माझा आग्रह आहे. अशा लहान रकमांवर कोणी बोलत नाही म्हणूनच हे कलम इतक्या सहज लावले जाते.

दावा मंजूर झाला तर आणखी एक हक्क लक्षात ठेवा, जो बहुतेकांच्या हातून निसटतो. पॉलिसीत दाखल होण्यापूर्वीचे ठरावीक दिवस आणि घरी आल्यानंतरचे ठरावीक दिवस, बहुधा आधीचे ३० किंवा ६० आणि नंतरचे ६० किंवा ९०, त्याच आजारासाठीचा बाह्यरुग्ण खर्च मिळतो. म्हणजे त्या काळातली मनोविकारतज्ज्ञांची फी आणि गोळ्यांची बिलेही मागता येतात. मात्र डिस्चार्ज कार्डावर त्या औषधांचा उल्लेख हवा, आणि प्रत्येक बिलासोबत त्याच तारखेची किंवा त्याआधीची डॉक्टरांची चिठ्ठी जोडलेली हवी.

आता ज्या गोष्टीने आपला मासिक खर्च खरोखर कमी होईल तिच्याकडे वळतो. ती गोष्ट म्हणजे औषधाची चिठ्ठी. अनुभवाने सांगतो की चिंताविकाराची मूळ औषधे महाग नाहीत. एस्सिटॅलोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही जुनी, पेटंटमुक्त आणि असंख्य कंपन्या बनवत असलेली औषधे आहेत, आणि उपचारांची पहिली निवडही त्यांतूनच केली जाते. बिल वाढते ते भोवतालच्या गोष्टींनी: महाग ब्रँड, जोडगोळ्या, गरज नसलेली जीवनसत्त्वे, आणि कधीकधी नवे महागडे औषध जे जुन्यापेक्षा या आजारात सरस असल्याचा पुरावा नसतो.

आपल्या यादीतील जीवनसत्त्वांच्या दोन गोळ्यांपासून सुरुवात करा. रक्ततपासणीत बी-१२ किंवा ड जीवनसत्त्वाची कमतरता दिसली असेल तर त्या हव्यात आणि ठरावीक काळच हव्यात. कमतरता दिसलेली नसेल तर त्या का चालू आहेत हे डॉक्टरांना विचारा. अनेक चिठ्ठ्यांमध्ये निम्मे बिल याच गोळ्यांचे असते. प्रोप्रानोलॉल अत्यंत स्वस्त आहे, त्याची चिंता नको. फक्त दमा असेल तर ते चालत नाही, हे डॉक्टरांना माहीत असल्याची खात्री करा.

जोडगोळीबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत देण्याची आपल्याकडे फार चाल आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्याला अर्थ असतो, कारण एस्सिटॅलोप्रामचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि तोवर क्लोनाझेपाम आधार देते. पण क्लोनाझेपाम हे थोड्या काळासाठीचे औषध आहे. त्याची सवय लागते, दिवसा सुस्ती येते, स्मरण मंदावते. दोन्ही एकाच गोळीत असली की एक कमी करताना दुसरेही कमी होते, म्हणून कोणी काहीच कमी करत नाही, आणि दीड वर्ष उलटते. पैशांच्या बाजूनेही ही सोय महागात पडू शकते. एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन्ही २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहेत, आणि त्या यादीतील ठरावीक मात्रांच्या गोळ्यांवर राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाने कमाल किंमत ठरवलेली असते. दोन औषधे एकत्र केलेल्या गोळीला तीच कमाल किंमत आपोआप लागू होत नाही. म्हणून दोन्ही औषधे वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून देता येतील का आणि क्लोनाझेपाम टप्प्याटप्प्याने कमी करण्याची वेळ आली आहे का, हे पुढच्या भेटीत नक्की विचारा. हा बदल स्वतःच्या मनाने करू नका. इतक्या दिवसांनंतर ते कमी करायला आठवडे, कधी महिने लागतात.

चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचे मूळ (जेनेरिक) नाव लिहून मागा. मूळ नाव हाती असले की किंमत पडताळता येते; औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ या अॅपवर एकाच औषधाचे निरनिराळे ब्रँड आणि त्यांच्या किमती दिसतात. तुलना पट्टीची करू नका, एका गोळीची करा, कारण कोणी १० गोळ्यांची पट्टी देते, कोणी १५ ची. समजा, एका ब्रँडची १० गोळ्यांची पट्टी १२० रुपयांना आणि दुसऱ्याची १५ गोळ्यांची ९० रुपयांना असेल, तर महिन्याच्या ३० गोळ्यांना पहिल्याचे ३६० आणि दुसऱ्याचे १८० रुपये पडतात. वर्षभरात हा फरक २,१६० रुपयांचा होतो, आणि औषध तेच असते. आणखी एक युक्ती डॉक्टरांच्या संमतीने करता येते: २० मिलिग्रॅमची मधोमध रेघ असलेली साधी गोळी अनेकदा १० मिलिग्रॅमच्या गोळीच्या दुप्पट किमतीची नसते, त्यामुळे ती अर्धी करून घेतल्यास बचत होते. परंतु हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ व्हेनलाफॅक्सिनचे दीर्घकालीन रूप, किंवा ड्युलॉक्सेटिनच्या कॅप्सूल कधीही तोडू नयेत.

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांच्या यादीत एस्सिटॅलोप्राम आणि सर्ट्रालिन आहे. तिथली औषधे ब्रँडच्या तुलनेत साधारण ५० ते ८० टक्के स्वस्त असतात. ती दुय्यम असतात हा समज मी रोज खोडून काढतो: पुरवठादाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार उत्पादनाचे प्रमाणपत्र लागते आणि प्रत्येक खेपेची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी होते. अडचण गुणवत्तेची नसून साठ्याची असते. एखाद्या महिन्यात गोळी संपलेली असते. म्हणून आठवडाभराच्या गोळ्या हाताशी असतानाच पुढच्या आणायला जा, आणि शक्यतो दर महिन्याला उत्पादक बदलत राहू नका. जनऔषधीच्या ‘सुगम’ अॅपवर जवळचे केंद्र आणि औषध शोधता येते. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या छापील किमतीवरच बिल लावले जात नाही ना, तेही पाहा.

यापुढची पायरी म्हणजे मोफत औषध, आणि ती फक्त अतिगरिबांसाठी आहे असे समजू नका. मी वर सांगितलेल्याच कायद्याच्या कलम १८ नुसार आवश्यक औषध यादीतील मनोविकारांची औषधे शासकीय आरोग्य संस्थांमध्ये, सामुदायिक आरोग्य केंद्रापासून वरच्या पातळीवर, सर्व मनोरुग्णांना नेहमी विनामूल्य उपलब्ध असली पाहिजेत. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरचे शुल्कही घेतले जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये मात्र त्या निर्णयात येत नाहीत, तिथे किरकोळ शुल्क असते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक आणि समाजसेवक असतात, आणि ठरलेल्या दिवशी हे पथक तालुक्याच्या रुग्णालयांतही जाते. खासगी डॉक्टरांकडे निदान झालेले असले तरी तिथे जाता येते. जुनी चिठ्ठी सोबत न्या. गर्दी असते, वेळ जातो, बोलायला पाच मिनिटेच मिळतात, हे खरे आहे. म्हणून अनेक कुटुंबांना मी मधला मार्ग सुचवतो: दर महिन्याची औषधे शासकीय रुग्णालयातून घ्यावीत आणि तीन महिन्यांतून एकदा आपल्या नेहमीच्या तज्ज्ञांना भेटावे, अर्थात त्यांना हे सांगून. मधल्या काळात बोलायला कोणी हवे असेल, विशेषतः रात्री घबराट वाढली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत मोफत बोलता येते.

आपल्या पगाराचा आकडा आपण लिहिलेला नाही. तो दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना कर्मचारी राज्य विमा योजनेत येत असेल, तर एवढ्या सगळ्या खटपटीची गरजच नसावी. या योजनेत कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात, आणि त्या बदल्यात पत्नीसह कुटुंबाला बाह्यरुग्ण तपासणी आणि औषधेही मिळतात. रोजच्या गोळ्या देणारा खऱ्या अर्थाने सर्वसामान्यांचा विमा आपल्याकडे हाच आहे, आणि खासगी पॉलिसीच्या नादात तोच विसरला जातो. वेतनचिठ्ठीवर ही कपात दिसते का ते आजच पाहा. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे सैन्यातून निवृत्त झालेले लोक घरोघरी आहेत, म्हणून हेही सांगतो की माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये, तसेच पुणे, मुंबई, नागपूर येथील केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या दवाखान्यांत, पात्र कुटुंबीयांना अशी औषधे मिळतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मात्र मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. महिन्याच्या गोळ्यांसाठी तिचा उपयोग होणार नाही.

राहिला स्वतंत्र पॉलिसीचा प्रश्न. आजार लपवू नका. एजंट ‘एवढेसे लिहायची काय गरज’ म्हणाला तरी अर्जात चिंताविकार, सुरू झाल्याची तारीख आणि चालू औषधे लिहा, आणि भरलेल्या अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा. कारण असे की पॉलिसी घेण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार हा पूर्वीचा आजार मानला जातो. तो जाहीर केला तर फार तर ३६ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ (दावा मिळत नाही असा सुरुवातीचा काळ) लागतो, आणि तोही त्या आजारापुरता. लपवला आणि नंतर उघडकीस आला, तर पॉलिसीच रद्द होऊ शकते आणि पित्ताशयाच्या किंवा बाळंतपणातील गुंतागुंतीच्या दाव्यावरही त्याचा परिणाम होऊ शकतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती न दिल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही, हे खरे. पण त्या पाच वर्षांवर कुटुंबाने जुगार का खेळावा?

जाहीर केल्यावर एखादी कंपनी हप्ता वाढवेल, एखादी नकारही देईल. नकार आला तर लेखी कारण मागा आणि दुसऱ्या कंपनीकडे जा. मानसिक आजार असलेल्यांना विमा देण्याबाबत आपले धोरण काय, हे संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे कंपन्यांवर बंधनकारक आहे, ते आधी वाचा. नोकरी बदलण्याचा विचार असेल, तर गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करता येते का हे नोकरी सोडण्यापूर्वी विचारा, कारण त्यात आधी पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ जमेस धरला जातो. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य पॉलिसींच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, त्यामुळे जुन्या दराचे पत्रक कोणी दाखवले तर नवे मागा.

बाह्यरुग्ण खर्चाची पुरवणी घ्यावी का, असेही बरेच जण विचारतात. एका साध्या हिशेबाने ठरवा: पुरवणीसाठी वर्षाला जास्तीचा हप्ता किती, त्यातून वर्षाला कमाल किती रक्कम मिळते, आणि तीत मनोविकारतज्ज्ञांची फी, समुपदेशनाची सत्रे व औषधे तिन्ही येतात की केवळ ठरावीक दवाखान्यांतील तपासणी. आपल्या पत्नीसारख्या रुग्णाची औषधे योग्य ठिकाणाहून घेतली तर स्वस्त पडतात, म्हणून केवळ गोळ्यांसाठी ही पुरवणी सहसा परवडत नाही. समुपदेशनाची सत्रे समाविष्ट असतील तर मात्र विचार करण्यासारखी आहे, कारण एका सत्राची फी पुष्कळदा महिन्याच्या गोळ्यांपेक्षा जास्त असते आणि चिंताविकारात त्या सत्रांचा गुण औषधाइतकाच मोलाचा असतो.

पॉलिसी हातात आली की मानसिक आजाराच्या उपचारांवर वेगळी रकमेची मर्यादा घातली आहे का ते शोधा. पाच लाखांच्या पॉलिसीत या आजारासाठी २५ किंवा ५० हजारांचीच मर्यादा लिहिलेली आढळली, तर आपल्याला पॉलिसी परत करण्यासाठी ३० दिवस मिळतात; त्या मुदतीत कंपनीला लेखी स्पष्टीकरण मागा आणि ते पटले नाही तर पॉलिसी परत करून दुसरी घ्या.